डायलिसिसचे चार तास आणि मंडळीची प्रार्थना

माझ्या पतींची दोन्ही मूत्रपिंडे जवळजवळ निकामी झाली असून यापुढे आठवड्यातून तीन वेळा डायलिसिस करावे लागेल, असे निदान झाले आणि आमच्या घराचे वेळापत्रक, आमचे बोलणे-चालणे आणि देवापुढे बसण्याची आमची रीत, सगळेच बदलून गेले. आजाराची हकिकत मी येथे गरजेपुरतीच सांगणार आहे. मला लिहायचे आहे ते या काळात आमच्या मंडळीने, म्हणजे आमच्या चर्चमधल्या विश्वासणाऱ्यांच्या समुदायाने, आमच्यासाठी केलेल्या प्रार्थनेबद्दल: ती कशी सुरू झाली, कशी बदलत गेली, तिने आम्हांला कशातून तारून नेले आणि तिच्यात आम्ही कळकळीने जे मागितले त्यातले काय आम्हांला मिळाले नाही. एकमेकांसाठी प्रार्थना करण्याची शिकवण मी शब्बाथशाळेपासून ऐकत आले आहे आणि इतरांसाठी प्रार्थना करण्याचा माझा परिपाठही जुना आहे. पण ज्याच्यासाठी प्रार्थना होते त्या माणसाच्या जागी बसल्याशिवाय तिची खरी किंमत कळत नाही, असे आता मला वाटते.

सुरुवात विनंतीपासून झाली आणि तीच सर्वांत अवघड गेली. माझे पती मितभाषी आहेत. आपल्या दुखण्याची चर्चा होऊ नये, लोकांनी कीव करू नये, असे त्यांना मनापासून वाटत होते, आणि त्यामुळे निदानानंतर बरेच दिवस मंडळीत कोणालाच काही कळले नाही. उपासनेला आम्ही नेहमीसारखे जात होतो, प्रार्थनाविषय विचारले जात तेव्हा गप्प राहत होतो. एका रात्री त्यांनी याकोबाच्या पत्रातला पाचवा अध्याय वाचायला घेतला आणि एका वाक्याशी ते थांबले. तुमच्यात कोणी दुखणाईत असला तर त्याने मंडळीच्या वडिलांना, म्हणजे तिची जबाबदारी वाहणाऱ्या ज्येष्ठांना, बोलावणे करावे, असे तेथे लिहिले आहे. वडिलांनी आपण होऊन शोध घेत यावे असे लिहिलेले नाही. बोलावण्याचे काम आजाऱ्याकडे दिले आहे. मी तो भाग अनेकदा वाचला होता, परंतु त्यातला हा मुद्दा माझ्या पतींनी दाखवेपर्यंत माझ्या लक्षात आला नव्हता. पौलासारखा प्रेषितसुद्धा आपल्या पत्रांतून पुन्हा पुन्हा 'आमच्यासाठी प्रार्थना करा' असे मागणे करतो, आणि करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात तर आशियात आपल्यावर इतके दडपण आले की जगण्याचीही आशा उरली नव्हती, असे उघड सांगून तुम्हीही प्रार्थनेने आम्हांला साहाय्य करा असे म्हणतो. आपली अवस्था लपवून मदत मागता येत नाही, हे पौलाला माहीत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या पतींनी स्वतः पाळकसाहेबांना फोन केला.

पाळकसाहेब दोन वडिलांना घेऊन आले. बसल्यावर त्यांनी जो प्रश्न विचारला, त्याच्यामुळे पुढच्या सगळ्या प्रार्थनेला वळण लागले असे मी मानते. "नेमके काय मागू?" असे त्यांनी विचारले. आरोग्य मागायचे हे तर उघडच होते, तरीही त्यांनी उत्तराची वाट पाहिली. माझे पती थोडा वेळ खाली पाहत राहिले आणि म्हणाले, "सुईची भीती वाटते. त्या सुया फार जाड असतात." इतक्या वर्षांच्या संसारात त्यांना कशाची भीती वाटते हे त्यांच्या तोंडून मी क्वचितच ऐकले होते. वडिलांपैकी एकाने त्यांच्या कपाळाला तेल लावले, तिघांनी मस्तकावर हात ठेवले आणि पाळकसाहेबांनी अगदी थोडक्या शब्दांत प्रार्थना केली. तिच्यात मोठी वाक्ये नव्हती. सुई टोचण्याच्या वेळी प्रभूने जवळ असावे, टोचणाऱ्या परिचारिकेचा हात स्थिर असावा, आणि या भीतीची लाज वाटू नये, एवढेच मागणे होते. शेवटच्या मागण्याला माझ्या पतींचे डोळे भरून आले.

ज्यांना या उपचाराची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते, कारण पुढची प्रार्थना याच तपशिलांवर उभी राहिली. डायलिसिसमध्ये शरीरातले रक्त एका नळीने यंत्रात जाते, तेथे शुद्ध होते आणि दुसऱ्या नळीने परत येते. एका वेळेस साधारण चार तास लागतात. यासाठी रक्ताचा जोरदार प्रवाह हवा असतो, म्हणून हातातली एक धमनी आणि एक शीर शस्त्रक्रियेने जोडतात. तिला फिस्टुला म्हणतात. ती वापरण्याजोगी होण्यास काही आठवडे, कधी काही महिने जातात, आणि तोवर मानेतून घातलेल्या नळीवर भागवावे लागते. त्या नळीला जंतुसंसर्ग होऊ नये याची सतत धास्ती असते. फिस्टुला झालेल्या हाताचा रक्तदाब घ्यायचा नाही, त्या हातातून तपासणीसाठी रक्त काढू द्यायचे नाही, त्या कुशीवर झोपायचे नाही, आणि तिच्यावर बोट ठेवून आतली थरथर चालू आहे ना हे रोज पाहायचे. थरथर थांबली तर ताबडतोब डॉक्टरांकडे धाव घ्यायची.

आमच्या मंडळीत वयाने सर्वांत ज्येष्ठ असलेल्या एक मावशी आहेत. त्यांचे शिक्षण थोडे आहे, दृष्टीही आता मंद झाली आहे, पण प्रार्थनेत त्यांचा हात धरणारे कोणी नाही. फिस्टुलाची शस्त्रक्रिया झाल्यानंतर त्या भेटायला आल्या आणि ही थरथर म्हणजे काय ते मला दाखवा, असे त्यांनी माझ्या पतींना सांगितले. त्यांनी आपली दोन बोटे मनगटाच्या वर टेकवली आणि बराच वेळ त्या डोळे मिटून तशाच बसून राहिल्या. मांडीवरच्या मांजराची गुरगुर तळहाताला लागावी, तसे ते स्पंदन बोटांना लागते. मग त्यांनी बोटे न काढताच प्रार्थना केली: "प्रभू, ही थांबू देऊ नकोस." त्यानंतर दर रविवारी उपासना सुटली की त्या माझ्या पतींकडे येत, काही न बोलता हात पुढे करत, थरथर तपासत आणि मान हलवून निघून जात. वैद्यकीय दृष्टीने त्या तपासणीला काही अर्थ नव्हता, कारण घरी आम्ही ते रोज करतच होतो. पण एका वृद्ध स्त्रीला आपल्या शिरेतला प्रवाह आठवडाभर आठवत राहतो, ही जाणीव माझ्या पतींना औषधासारखी लागू पडली, असे ते स्वतःच सांगतात.

माझ्याविषयी मात्र वेगळे घडत होते. लोक माझ्या पतींसाठी प्रार्थना करत असताना माझी स्वतःची प्रार्थना आटत चालली होती. पहाटे मी नेहमीप्रमाणे पवित्र शास्त्र घेऊन बसे, पण शब्द येत नसत. आले तर ते पाण्याच्या हिशेबापाशी आणि औषधांच्या वेळांपाशी जाऊन अडत. पतींना दिवसभरात मोजकेच पाणी चालते. तहानेने सुकलेले त्यांचे ओठ समोर दिसत असताना 'जिवंत पाण्या'विषयीचे वचन वाचणे मला जमेना. स्तोत्रसंहितेतले अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र, जे आक्रोशाने सुरू होते आणि अंधारातच संपते, तेवढेच मला आपले वाटे. मी हे बायकांच्या प्रार्थनासभेत सांगितले. कोणी उपदेश केला नाही. एक बहीण म्हणाली, "ताई, तुम्ही नुसत्या येऊन बसा, आम्ही बोलतो." आणि अनेक आठवडे असेच चालले. त्या प्रार्थना करत आणि मी फक्त 'आमेन' म्हणत असे.

त्या काळात मार्काच्या शुभवर्तमानातला दुसरा अध्याय माझ्यापुढे नव्याने उघडला. चौघांनी उचलून आणलेला पक्षाघाती, दाटीमुळे दारातून वाट न मिळाल्याने छप्पर उसकटून खाली सोडलेली त्याची बाज, हे सगळे परिचयाचे होते. परंतु येशूने 'त्यांचा' विश्वास पाहिला, असे मार्क लिहितो. बाजेवरच्या माणसाने विश्वास ठेवला होता की नाही, त्याने एखादा शब्द तरी उच्चारला की नाही, याविषयी तो काहीच सांगत नाही. एखाद्याच्या विश्वासाच्या बळावर दुसऱ्याला प्रभूसमोर आणता येते, आणि प्रभू ते चालवून घेतो, ही माझ्या दृष्टीने या सगळ्या काळातली सर्वांत मोठी गोष्ट आहे. ख्रिस्ती जीवनात प्रत्येकाने आपापला विश्वास सांभाळायचा असतो असे आपण गृहीत धरतो. निदान मी तरी तसे धरून चालले होते. पण मंडळी या नावाला काही अर्थ असेल तर तो हाच की ज्या महिन्यात माझ्याकडे विश्वास शिल्लक नाही, त्या महिन्यात दुसऱ्या कोणाकडे तरी तो असतो आणि तो माझ्यासाठी वापरला जातो. आत्मा स्वतः अवाच्य कण्हण्याने आपल्यासाठी विनंती करतो, असे रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात म्हटले आहे. ते कण्हणे मला त्या बहिणींच्या साध्यासुध्या, अडखळत्या वाक्यांतून ऐकू आले, असे मी विचारपूर्वक लिहीत आहे.

चार तासांच्या पहाऱ्याची कल्पना मंडळीतल्या एका तरुणाने मांडली. जर्मनीतल्या हर्नहट या गावातल्या मोरेव्हियन पंथाच्या ख्रिस्ती बांधवांनी 1727 मध्ये दिवसाचे चोवीस तास आपसांत वाटून घेऊन अखंड प्रार्थना सुरू केली आणि तो क्रम शंभराहून अधिक वर्षे चालला, हे त्याने वाचले होते. "आपल्याला चोवीस तास जमणार नाहीत, पण डायलिसिसचे चार तास जमतील," असे तो म्हणाला. ज्या दिवशी डायलिसिस असेल त्या दिवशी चार जणांनी एकेक तास घ्यायचा, असे ठरले. कोणाला कार्यालयातून वेळ मिळत नसे, ती माणसे जेवणाच्या सुट्टीचा तास घेत. ज्यांना शांत जागा मिळत नसे ती प्रवासात मनातल्या मनात प्रार्थना करत. एकच नियम ठेवला होता: तास सुरू होताना माझ्या पतींच्या फोनवर एका ओळीचा संदेश पाठवायचा आणि त्याला उत्तर अपेक्षित नाही असे समजायचे. आजारी माणसावर कृतज्ञतेचे ओझे टाकू नये, हा त्यामागचा विचार मला फार मोलाचा वाटतो.

हळूहळू या माणसांना त्या चार तासांची ओळख होत गेली. पहिल्या तासात सुया टोचल्या जातात, म्हणून तो मावशींनी आपल्याकडे मागून घेतला. मधले दोन तास त्या मानाने सुरळीत असतात. शेवटच्या तासात, शरीरात साठलेले जादा पाणी बरेचसे काढून झालेले असते तेव्हा, रक्तदाब घसरतो आणि पायांत गोळे येतात. तो तास कायम एका निवृत्त शिक्षकांकडे असे. ते मला नंतर म्हणाले की त्या वेळी ते स्वतःच्या पोटऱ्यांवर हात ठेवून प्रार्थना करत. 'प्रभू, आमच्या बंधूला बरे कर' या एका वाक्यापासून सुरू झालेली मध्यस्थी इतक्या बारीकसारीक गोष्टींपर्यंत पोहोचली होती. ज्याच्यासाठी प्रार्थना करायची त्याचे दुखणे समजून घेण्याचे कष्ट या लोकांनी घेतले, आणि मला वाटते प्रेमाची पारख अशा कष्टांतूनच होते. गेथशेमानेत प्रभूने आपल्या तिघा शिष्यांकडे काय मागितले होते? माझ्याबरोबर जागे राहा, एवढेच. त्यांना तासभरही ते जमले नाही. आमच्या मंडळीतल्या लोकांना ते जमले, आणि तेही आठवड्यामागून आठवडे.

या पहाऱ्यातल्या एका नावाविषयी लिहिलेच पाहिजे. मंडळीतल्या एका गृहस्थांशी माझ्या पतींचे जुन्या वादामुळे बोलणे बंद होते. वादाचे कारण सांगण्याची येथे आवश्यकता नाही. एका दिवशी तिसऱ्या तासाचा संदेश त्यांच्याकडून आला: "आता मी बसलो आहे." माझ्या पतींनी तो संदेश मला दाखवला आणि बराच वेळ ते काही बोलले नाहीत. ज्याच्यासाठी आपण रोज देवाजवळ मागतो त्याच्याशी वैर धरून राहणे माणसाला शक्य होत नाही, आणि जो आपल्यासाठी मागतो त्याच्याशीही नाही. पुढे ते गृहस्थ घरी आले, दोघांनी झाले गेले ते एकमेकांजवळ मोकळेपणाने बोलून टाकले. याकोबाने आपली पातके एकमेकांजवळ कबूल करणे आणि एकमेकांसाठी प्रार्थना करणे या दोन गोष्टी एकाच वाक्यात का घातल्या असतील, याचे उत्तर आम्हांला आमच्याच बैठकीच्या खोलीत मिळाले.

सगळ्याच प्रार्थना अशा नव्हत्या. विश्वास पुरेसा असेल तर यंत्राची गरज राहणार नाही, असे सांगणारी माणसेही घरी येऊन गेली. त्यातल्या एकाने तर माझ्या पतींच्या डोक्यावर हात ठेवून, त्यांच्या आजारामागे कोणते गुप्त पाप आहे ते प्रकट कर, अशी मोठ्या आवाजात प्रार्थना केली. डोळे मिटून, मान लववून बसलेल्या आजारी माणसाला अशा वेळी उत्तरही देता येत नाही. आंधळेपणा कोणाच्या पापामुळे, असे शिष्यांनी विचारले तेव्हा प्रभूने तो प्रश्नच नाकारला होता, हे योहानाच्या नवव्या अध्यायात स्पष्ट लिहिलेले असताना ख्रिस्ती माणसाने असे मागणे करावे याचा मला अजूनही राग येतो. आणखी एक गोष्ट म्हणजे प्रार्थनेची विनंती म्हणून सांगितलेली माहिती आमच्या संमतीशिवाय भलत्याच लोकांपर्यंत पोहोचली. तेव्हापासून पाळकसाहेबांनी रीत घालून दिली की कोणाच्याही नावाने विनंती मांडण्याआधी त्या माणसाला विचारायचे आणि त्याने जेवढे सांगितले तेवढेच बोलायचे. ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून राहिले, तोवर त्यांचे काहीच चुकले नव्हते. आजाऱ्यासाठी प्रार्थना करणाऱ्या प्रत्येकाने ते सात दिवस लक्षात ठेवावेत, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते.

मग प्रत्यारोपणाचा विषय निघाला. माझे एक मूत्रपिंड पतींना देता येईल का, याच्या तपासण्या सुरू झाल्या. रक्तगट जुळला. माझे हृदय, फुप्फुसे, साखर, दोन्ही मूत्रपिंडांचे काम, सगळे ठीक निघाले. प्रत्येक अहवालानंतर प्रार्थनासभेत उपकारस्तुती होत असे आणि आमचाच नव्हे तर सगळ्या मंडळीचा उत्साह वाढत असे. शेवटची महत्त्वाची चाचणी क्रॉसमॅचची होती, जिच्यात घेणाऱ्याचे रक्तद्रव आणि देणाऱ्याच्या पेशी एकत्र करून विरोध होतो का ते पाहतात. तिच्यासाठी मंडळीने उपास करून प्रार्थना केली. अहवाल आला तो विरोध दाखवणारा. माझ्या पतींना आजाराच्या सुरुवातीला रक्त चढवावे लागले होते, आणि अशा रक्तातून शरीरात प्रतिद्रव्ये तयार होऊ शकतात. त्यांच्यामुळे माझे मूत्रपिंड त्यांच्या शरीराने नाकारण्याचा धोका फार मोठा होता. डॉक्टरांनी नकार दिला.

त्या आठवड्याच्या प्रार्थनासभेला जाण्याचे धैर्य माझ्यात नव्हते, तरी आम्ही गेलो. देवाने दुसरी काही उत्तम योजना केली असेल, असे कोणीतरी म्हणेल याची मला धास्ती होती. कोणी तसे म्हणाले नाही. निवृत्त शिक्षकांनी स्तोत्रसंहितेतले तेरावे स्तोत्र वाचले, ज्यात 'कोठवर' हा प्रश्न भक्त देवाला पुन्हा पुन्हा विचारतो, आणि वाचून झाल्यावर ते खाली बसले. मग मावशी मोठ्याने रडल्या. त्या म्हणाल्या, "प्रभू, आम्ही मागितले होते, तू दिले नाहीस. तरी आम्ही तुझ्याच दाराशी आहोत." पूर्ण सभेत त्या दिवशी झालेली ही एकमेव प्रार्थना होती. शोक करणाऱ्यांबरोबर शोक करा, असे पौल रोमकरांस सांगतो. ती आज्ञा अक्षरशः पाळली जाताना मी तेव्हा पाहिली.

त्यानंतर मी नकार मिळालेल्या प्रार्थना शास्त्रात शोधू लागले, आणि त्या मला वाटल्या होत्या त्याहून पुष्कळ निघाल्या. पौलाने आपल्या शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा विनवणी केली आणि काटा राहिला. रोमकरांस पत्राच्या पंधराव्या अध्यायाच्या शेवटी तो यहूदीयातल्या विरोधकांपासून आपली सुटका व्हावी आणि आपण आनंदाने तुमच्याकडे यावे यासाठी माझ्याबरोबर प्रार्थनेत झटा, अशी विनंती करतो. प्रेषितांची कृत्ये वाचली की कळते, तो यरुशलेमात पकडला गेला आणि रोमला पोहोचला तो कैदी म्हणून, समुद्रात फुटलेल्या गलबतातून वाचून. त्याच पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात योहानाचा भाऊ याकोब तलवारीने मारला जातो आणि पेत्राला देवदूत तुरुंगातून सोडवतो. एकाला मरण आणि एकाला सुटका असे का, हे त्या पुस्तकाचा लेखक लूक सांगत नाही. ज्या मंडळीने याकोबाला पुरले तीच मंडळी मरीयेच्या घरी जमून पेत्रासाठी रात्री प्रार्थना करत होती, या गोष्टीचा मला फार आधार वाटला. इतका मोठा घाव बसल्यावरही ती माणसे मागायची थांबली नव्हती.

याच सुमारास आमच्या एका नातलगाने, कोणत्याही वाईट हेतूने नव्हे, एका संशोधनाविषयी सांगितले. अमेरिकेत हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियेच्या 1,802 रुग्णांवर केलेल्या या अभ्यासाचे निष्कर्ष 2006 मध्ये प्रसिद्ध झाले होते. दुसऱ्यांनी केलेल्या प्रार्थनेमुळे शस्त्रक्रियेनंतरची गुंतागुंत कमी झालेली दिसली नाही. उलट आपल्यासाठी निश्चितपणे प्रार्थना होत आहे हे ज्यांना सांगितले होते त्यांच्यात गुंतागुंतीचे प्रमाण 59 टक्के होते, आणि होत आहे की नाही याची खात्री नसलेल्या, पण ज्यांच्यासाठी प्रार्थना होत होती, अशा रुग्णांत 52 टक्के. मी ते शांतपणे समजून घेतले आणि ते नाकारण्याचे मला काहीच कारण दिसत नाही. प्रार्थनेने अमुक टक्के फरक पडतो, असा माझा दावा कधी नव्हता, आणि देवाची परीक्षा पाहू नये असे प्रभूनेच मोहाच्या प्रसंगी म्हटले आहे. मात्र त्या अभ्यासातल्या प्रार्थना करणाऱ्यांना रुग्णाचे पहिले नाव आणि आडनावाचे आद्याक्षर एवढेच दिले होते, आणि मागण्याचे शब्दही ठरवून दिले होते. माझ्या पतींच्या शिरेवर बोटे टेकवून बसलेल्या मावशी, पोटऱ्यांवर हात ठेवणारे शिक्षक, मी गप्प असताना माझ्या वतीने बोलणाऱ्या बहिणी, यांनी जे केले ते त्या मोजणीच्या कक्षेत येतच नाही. पतींचे क्रिएटिनीन (मूत्रपिंडे नीट काम करत नसली की रक्तात वाढणारा घटक) प्रार्थनेने उतरले का, असे कोणी विचारले तर मी नाही असेच उत्तर देईन. या वर्षांत आम्ही दोघे देवापासून आणि एकमेकांपासून तुटलो का, असे विचारले तर त्याचेही उत्तर नाही असेच आहे, आणि त्याचे श्रेय मी प्रार्थनेला देते.

प्रार्थना करणाऱ्यांचे हातही रिकामे राहिले नाहीत, हेही सांगितले पाहिजे. येण्या-जाण्याची सोय व्हावी म्हणून प्रार्थना करणाऱ्या बांधवाने पुढच्याच आठवड्यात आपली गाडी आणली आणि आता शनिवारची फेरी त्यांची असते. माझ्या झोपेसाठी मागणारी बहीण महिन्यातून एक रात्र आमच्या घरी येऊन राहते आणि मला दुसऱ्या खोलीत झोपायला पाठवते.

आणि मग देणे-घेणे उलट दिशेनेही सुरू झाले. डायलिसिसच्या वेळी फिस्टुलाचा हात हलवता येत नाही, पण दुसरा मोकळा असतो. माझ्या पतींनी एक लहान वही घेतली आणि पहारा करणाऱ्या माणसांनाच विचारायला सुरुवात केली की तुमच्यासाठी मी काय मागू. चार तास त्यांना कोणी उठवत नाही, कोणी कामाला लावत नाही, आणि इतका सलग वेळ मंडळीत दुसऱ्या कोणाकडेच नाही, असे ते म्हणतात. वहीत आता परीक्षेला बसलेली मुले आहेत, नोकरी गेलेले दोघे आहेत, मूल होण्याची वाट पाहणारे एक जोडपे आहे, आणि जुन्या वादातले ते गृहस्थही आहेत. तुमच्यातलाच एपफ्रास तुमच्यासाठी प्रार्थनेत सतत झटत असतो, असे पौल कलस्सैकरांना कळवतो. त्या झटण्याचा अर्थ मी माझ्या पतींकडे पाहून शिकले. ज्या दिवसापासून त्यांना इतरांची नावे मिळाली त्या दिवसापासून डायलिसिसला निघताना त्यांच्या चालण्यात फरक पडला आहे. परिचारिकांच्याही ते लक्षात आले.

गेल्या काही महिन्यांत मावशी घरात पडल्या आणि त्यांच्या खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, पण उपासनेला येणे आता बंद आहे. पहिला तास मात्र त्यांनी सोडलेला नाही. सुया टोचायच्या वेळी त्यांचा नातू त्यांच्या वतीने संदेश पाठवतो, आणि तो आला की माझे पती वहीतले मावशींचे पान उघडतात. तो तास दोघे एकमेकांसाठी प्रार्थना करतात. रविवारी आम्ही त्यांच्याकडे जातो, तेव्हा त्या पलंगावरूनच हात पुढे करतात आणि थरथर तपासतात.

सध्या मंडळीपुढे आमच्या विनंत्या अशा आहेत. फिस्टुलाच्या एका भागात शीर अरुंद झाली असून ती फुग्याने रुंद करण्याची प्रक्रिया पुढच्या आठवड्यात आहे. ती नीट पार पडावी. मूत्रपिंडांची अदलाबदल करता येईल, म्हणजे माझे मूत्रपिंड त्यांच्या रुग्णाला आणि त्यांच्यातल्या दात्याचे माझ्या पतींना चालेल, अशा दुसऱ्या एखाद्या कुटुंबाची आम्ही नोंदणीतून वाट पाहत आहोत. त्या अनोळखी कुटुंबासाठीही प्रार्थना व्हावी, कारण तेही आमच्याइतकेच थकलेले असणार. मावशींना आधाराने चार पावले टाकता यावीत, हे वहीतल्या पहिल्या पानावर आहे. माझी स्वतःची विनंती मी मागच्या बुधवारी प्रथमच मोठ्याने मांडली: पहाटेची माझी प्रार्थना थोडी थोडी परत येऊ लागली आहे, ती टिकावी.